२३ जुलै : निकालानंतरचा दिवस

२२ जुलै १९०८ च्या रात्री दहाच्या सुमारास मुंबई हायकोर्टात निकाल लागला. खटला राजद्रोहाचा होता आणि आरोपी होते लोकमान्य टिळक. ३० एप्रिलला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मुझफ्फरपूरला बॉम्ब टाकला. त्यानंतर ‘केसरी’त आलेले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख सरकारला खुपले. २४ जूनला सरदारगृहात टिळकांना अटक झाली आणि जामीनही नाकारला गेला. १३ जुलैला खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. हे भाषण अनेक दिवस मिळून २१ तासांहून अधिक चालले.

समोर नऊ जणांची ज्यूरी होती. त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, पण ज्यूरीला मराठी येत नाही, तिला भाषांतरावरच विसंबावे लागते, हे टिळकांनी कोर्टाला बजावून सांगितले होते. उपयोग झाला नाही. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. न्यायासनावर दिनशा दावर होते. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी बॅरिस्टर या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला होता. अकरा वर्षांनी त्याच दावरांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. शिक्षेपूर्वी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर टिळकांनी दिलेले उत्तर आज त्याच कोर्टाच्या भिंतीवर कोरलेले आहे. ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, आणि माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य ठरवणारी याहून वरची शक्ती आहे, असा त्याचा आशय.

त्याच रात्री त्यांना खास गाडीने साबरमतीच्या तुरुंगाकडे नेण्यात आले. मध्यरात्र उलटली तेव्हा २३ जुलै उजाडला होता. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना त्या दिवशी बावन्न वर्षे पूर्ण झाली.

आपल्या वर्तमानपत्रांत आणि दिनदर्शिकांत ‘दिनविशेष’ नावाचा रकाना असतो. २३ जुलैखाली तिथे टिळकांचा जन्म, चंद्रशेखर आझादांचा जन्म, मुंबई नभोवाणी केंद्राची सुरुवात, इजिप्तमधील क्रांती, खाशाबा जाधवांचे ऑलिंपिक पदक अशा ओळी एकाखाली एक येतात. तारखेच्या जुळणीला स्वतःचा काही अर्थ नसतो, हे खरे. तरी या ओळींच्या मागचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. निकाल देण्याच्या जागेवर कोण बसले होते, आणि निकाल लागल्यानंतर कोण उठून उभे राहिले? मला या तारखेचे मोल त्या दुसऱ्या माणसांमुळे वाटते.

सहा वर्षांना सहा दिवस

१९०८ मध्ये ही माणसे होती मुंबईचे गिरणी कामगार. शिक्षेची बातमी रात्रीतूनच शहरभर गेली. २३ जुलैला कापडबाजार बंद राहिला आणि गिरण्यांमधून कामगार बाहेर पडू लागले. दुसऱ्या दिवसापासून संपाने जोर धरला. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, असा हिशेब कामगारांनी आपणच मांडला. लष्कर रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. तरीही संप मोडला नाही.

आजच्या अर्थाने कामगारांची संघटना म्हणावी असे तेव्हा काही नव्हते. होती ती चाळ, गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, कामगार भरती करणाऱ्या जॉबरचा शब्द आणि गावाकडचे नाते. मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा. त्यामागोमाग सातारा, कोल्हापूर, पुण्याकडचे घाटावरचे लोक. एक दिवस खाडा झाला तर पगार कापला जाणार, घरी पाठवायची मनीऑर्डर लहान होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. टिळक त्यांचे मालक नव्हते, जातभाई नव्हते आणि त्यांची पगारवाढ करून देणारेही नव्हते. गणेशोत्सवातून, शिवजयंतीतून, ‘केसरी’च्या सामूहिक वाचनातून आणि स्वदेशीच्या सभांतून जो माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, त्याच्यासाठी त्यांनी आपली मजुरी सोडली. मजुरीच्या प्रश्नावर संप त्याआधीही झाले होते. एका राजकीय निकालाविरुद्ध हिंदुस्थानातल्या कामगारांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर काम थांबवण्याची ही पहिली वेळ होती.

या संपाची नोंद दूर जिनिव्हात घेतली गेली. तिथे परागंदा असलेल्या लेनिनने आपल्या ‘प्रोलेतारी’ या पत्रात जगाच्या राजकारणातील ज्वालाग्राही सामग्रीवर एक लेख लिहिला. टिळकांची शिक्षा आणि मुंबईचा संप यांचा उल्लेख करून हिंदुस्थानचा कामगार आता जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरला आहे, तेव्हा तिथली इंग्रजी सत्ता टिकणार नाही, असे त्याने म्हटले. तो अंक आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे ५ ऑगस्टचा. पण रशियात तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते आणि ते तेरा दिवस मागे असे. त्यामुळे अंकावर दुसरी तारीख होती ती २३ जुलै.

लंडनच्या धावपट्टीवर

मुंबईत दुकानांच्या फळ्या बंद होत्या त्याच दिवशी, २३ जुलै १९०८ रोजी, लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये ऑलिंपिकच्या ४०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. धावणारे चार. ब्रिटनचा लेफ्टनंट विंडहॅम हॅल्सवेल आणि अमेरिकेचे कार्पेंटर, रॉबिन्स व टेलर. तेव्हा ही शर्यत आखलेल्या मार्गिकांत होत नसे. शेवटच्या सरळ पट्ट्यात हॅल्सवेल बाहेरून पुढे जाऊ लागला तसा कार्पेंटर उजवीकडे सरकत गेला आणि त्याने वाट अडवली. पंचांनी आरडाओरडा केला, समाप्तीची फीत तोडली आणि शर्यत रद्द झाल्याचे जाहीर केले.

अमेरिकेच्या नियमांत अशी आडवी चाल खपून जात असे, ब्रिटनच्या नियमांत नव्हती. पंच सगळे ब्रिटिश. कार्पेंटर बाद ठरला आणि फेरशर्यत दोन दिवसांनी, दोऱ्या ताणून मार्गिका आखून घ्यायचे ठरले. रॉबिन्स आणि टेलर यांनी तीत धावायला नकार दिला. २५ जुलैला हॅल्सवेल एकटाच धावला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. प्रतिस्पर्धीच नसलेल्या शर्यतीत सुवर्ण मिळण्याचा ऑलिंपिक ॲथलेटिक्सच्या इतिहासातला तो एकमेव प्रसंग. त्या विजयाचा आनंद हॅल्सवेललाही झाला नसावा. त्याने लवकरच शर्यती सोडल्या आणि १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तो मारला गेला. नकार देणाऱ्यांपैकी जॉन टेलरने त्याच दिवशी रिले शर्यतीत सुवर्ण जिंकले. ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. त्या वर्षाच्या डिसेंबरात विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला.

मुंबईच्या कोर्टातला अन्याय आणि लंडनच्या मैदानावरचा वाद यांची तुलना होऊ शकत नाही. एकीकडे एका राष्ट्राचे स्वातंत्र्य होते, दुसरीकडे एक पदक. पण दोन्हीकडे निवाडा करणारे एकाच बाजूचे होते आणि नियमही त्यांच्याच घरचे. खेळाच्या जगाने यातून धडा घेतला. यजमान देशाच्याच पंचांवर सगळा भार टाकण्याची पद्धत मागे पडली आणि सर्वांना सारखे लागू होणारे नियम ठरवण्यासाठी १९१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाची पायाभरणी झाली. साम्राज्याला असा धडा शिकायला आणखी चार दशके लागली.

दोन जन्म

साबरमतीहून टिळकांना पुढे ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात नेले गेले. तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, तिथेच त्यांना १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची बातमी कळली, आणि १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. मधुमेह आणि मंडालेचा उन्हाळा सोसून ते जिवंत परतले यामागे एक जुनी गोष्ट आहे. डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी आपली प्रकृती फार किरकोळ आहे असे वाटून त्यांनी अभ्यास बाजूला ठेवला आणि ते वर्ष व्यायाम, तालीम आणि पोहणे यांना दिले. परीक्षेचे वर्ष वाया गेले. शरीर मात्र आयुष्यभर पुरले. गणितात पहिल्या वर्गाची पदवी घेणाऱ्या या विद्यार्थ्याने काय केव्हा आधी करायचे याचा हिशेब तरुणपणीच नेमका मांडला होता.

त्यांच्या जन्मानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, २३ जुलै १९०६ रोजी, आजच्या मध्य प्रदेशातील भाबरा या गावी चंद्रशेखर तिवारी जन्मला. काशीला शिकत असताना १९२१ च्या असहकाराच्या चळवळीत तो पकडला गेला. वय पंधरा. न्यायाधीशाने नाव विचारले तेव्हा तो म्हणाला ‘आझाद’, वडिलांचे नाव ‘स्वतंत्रता’ आणि पत्ता ‘तुरुंग’. शिक्षा झाली पंधरा फटक्यांची. फटके खाऊन बाहेर आलेल्या मुलाला काशीच्या लोकांनी खांद्यावर घेतले आणि कोर्टात सांगितलेले नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे आझाद हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशनचे सेनापती झाले. खेडचे शिवराम हरी राजगुरू त्यांच्याच हाताखाली लढले. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात आझाद पोलिसांशी लढता लढता पडले.

एक जण बावन्नाव्या वर्षी न्यायासनासमोर उभा राहिला, दुसरा पंधराव्या. एकाने कायद्याचा कीस पाडला, दुसऱ्याने तीन शब्दांत उत्तर दिले. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला आणि दोघेही लोकांचे झाले.

आवाज कोणाच्या हाती

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचा. आवाज फार तर मुंबईच्या आसपास पन्नासेक किलोमीटरपर्यंत पोहोचायचा. रेडिओ संच महाग, श्रोते मोजके. कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि १९३० मध्ये सरकारला ती चालवायला घ्यावी लागली. १९३६ मध्ये तिचे ऑल इंडिया रेडिओ झाले. आज आपण हा दिवस राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतो. गिरणगावातल्या निरक्षर कामगाराला ‘केसरी’ दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे ती अडचण या यंत्राने पुढे दूर केली.

या यंत्राचे राजकीय बळ किती, हे बरोबर पंचवीस वर्षांनी कैरोत दिसले. २३ जुलै १९५२ च्या पहाटेपर्यंत इजिप्तच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सैन्याचे मुख्यालय आणि राजधानीतली मोक्याची ठाणी ताब्यात घेतली होती. सूत्रे गमाल अब्देल नासर यांच्या हाती होती आणि पुढे चेहरा होता जनरल मोहम्मद नजीब यांचा. सकाळी कैरो रेडिओवरून नजीब यांच्या नावाचे निवेदन वाचले गेले. वाचणारा अधिकारी होता अन्वर सादात. तीन दिवसांनी राजा फारूक गादी सोडून आपल्या जहाजातून देशाबाहेर गेला. १९५६ मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या प्रत्येक बोटीचा मार्ग ज्या कालव्यातून जात होता, तो आता ज्याच्या जमिनीतून खोदला गेला त्या देशाच्या ताब्यात आला.

कैरोत सत्ता बदलली त्या सकाळी इजिप्तचे खेळाडू फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या ऑलिंपिकला होते. त्यांच्यातल्या अब्देल आल रशीद या मल्लाने त्याच आठवड्यात ग्रीको-रोमन कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. राजाच्या अमलाखाली निघालेला हा संघ परतला तेव्हा राजा देशात नव्हता. आणि हेलसिंकीच्या ज्या मेसुहाली सभागृहात रशीद लढला तिथेच २३ जुलैला फ्रीस्टाइल कुस्तीचा शेवटचा दिवस होता.

गोळेश्वरचा मल्ल

खाशाबा दादासाहेब जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः पैलवान. लाल मातीतले पहिले धडे घरातच मिळाले. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात, आणि बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्यात, त्यांची पत्रे पोहोचवण्यात या शाळकरी पोराचा हात होता. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात नाव घातले. शाहू महाराजांनी वाढवलेल्या त्या कुस्तीच्या गावात बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या नजरेखाली ते तयार झाले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे प्रथमच ते मॅटवर खेळले. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर घड्याळ आणि गुण चालतात. पाय रोवायला भुसभुशीत माती नाही, अंगाला मळायला माती नाही. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी मॅटच्या कुस्तीचा कसून सराव केला.

१९५२ ची वाट अधिक बिकट निघाली. निवडीच्या स्पर्धेत आपल्याला एका गुणाने अन्यायाने मागे टाकले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती ठरली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना हरवून जागा मिळवली. जागा मिळाली तरी पैसे नव्हते. सरकारदरबारी फारसे काही हाती लागले नाही. मग गोळेश्वर आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी जमेल तसा हातभार लावला. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचे छप्पर पणाला लावणारा हा प्राचार्य महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात खाशाबांच्या बरोबरीने लिहिला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात, खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले. जर्मनीच्या श्मिट्झला गुणांवर हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ती कुस्ती शेवटपर्यंत लांबली आणि इशी निसटत्या फरकाने जिंकला. कऱ्हाड-कोल्हापूरच्या तालमींत पुढची हकीकत आजही सांगतात. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण हे पंचांपुढे मांडायला भारतीय पथकातला कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा एकटे उभे राहिले, खेळले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. स्वतंत्र भारताचे हे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. ज्या दोघांकडून ते हरले ते दोघेही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला नव्हते, कारण महायुद्धातल्या पराभवामुळे जपानला तेव्हा आमंत्रणच नव्हते आणि सोव्हिएत रशिया ऑलिंपिकमध्ये प्रथमच हेलसिंकीला उतरला. इशीचे पदक हे युद्धानंतरचे जपानचे पहिले सुवर्ण ठरले. खाशाबांच्याच पथकातले कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्ण जिंकले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. पण कऱ्हाडने आपला हिशेब वेगळा ठेवला होता. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याचे तिथले लोक अभिमानाने सांगतात. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या त्या वाटेला कित्येक तास लागले. खाशाबांनी त्यानंतर सत्कारांत रमून जाण्याऐवजी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांनी खर्डीकरांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लिअँडर पेसने १९९६ मध्ये अटलांटात जिंकले. मधली चव्वेचाळीस वर्षे देशात गुणी खेळाडू नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी घर गहाण ठेवणारे खर्डीकर प्रत्येक गावात नव्हते, आणि जिथे असे प्राचार्य लागूच नयेत अशी व्यवस्था देशाने उभी केली नव्हती.

लॉर्ड्सवर नऊ धावा

२३ जुलै २०१७. लॉर्ड्स. महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध भारत. क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या मेरिलीबोन क्रिकेट क्लबचे हे मैदान. या मैदानावर महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला १९७६ मध्ये, आणि क्लबाने महिलांना सभासदत्वाचे दार उघडले ते १९९८-९९ मध्ये. आपल्याकडची अवस्था फार निराळी नव्हती. १९७३ मध्ये महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा संघ होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. डायना एडलजींची पिढी दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून, प्रसंगी विनाआरक्षण प्रवास करून आणि धर्मशाळेसारख्या जागी राहून खेळली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते २००६ मध्ये.

२०१७ च्या त्या रविवारी लॉर्ड्स भरून गेले होते. तीनच दिवसांपूर्वी डर्बीला हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा कुटल्या होत्या आणि क्रिकेट फक्त पुरुषांचे पाहणारी घरेही दूरचित्रवाणीसमोर बसली होती. इंग्लंडला भारताने ७ बाद २२८ वर रोखले. झुलन गोस्वामीने २३ धावांत तीन बळी घेतले. सांगलीची स्मृती मानधना शून्यावर गेली. मुंबईच्या पूनम राऊतने मात्र ८६ धावांची खेळी उभारली आणि ३ बाद १९१ या धावसंख्येवर विश्वचषक हाताशी आल्यासारखा दिसत होता. ४४ चेंडूंत ३८ धावा हव्या होत्या. तिथून आन्या श्रबसोलने सामना फिरवला. तिचे सहा बळी, भारताचे सात गडी २८ धावांत बाद आणि सर्वबाद २१९. इंग्लंड नऊ धावांनी जिंकले. या निकालात पक्षपात नव्हता, कोणाची फसवणूक नव्हती. दडपणाखाली इंग्लंड अधिक चांगले खेळले.

पण निकालानंतर जे घडले त्यामुळे हा पराभव २३ जुलैच्या रकान्यात मानाने बसतो. हरून परतलेल्या मिताली राजच्या संघाला विमानतळावर घ्यायला लोक आले. गावोगावच्या अकादम्यांत मुली येऊ लागल्या, आईबाप त्यांना सोबत घेऊन येऊ लागले. २०२२ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे झाले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. लॉर्ड्सवर हरलेल्या संघातल्या हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती शर्मा या संघातही होत्या. प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार, ज्यांना स्वतःला भारताकडून कधी खेळायला मिळाले नाही. मैदानावर आलेल्या मिताली आणि झुलन यांच्या हाती या मुलींनी चषक दिला. ज्यांच्या हरण्यातून हा दिवस उगवला त्यांचा तो हक्क होता.

हायकोर्टातली ज्यूरी, काशीचा न्यायाधीश, व्हाइट सिटीचे पंच, हेलसिंकीचे वेळापत्रक, लॉर्ड्सचा फलक. या सगळ्यांनी आपापले निकाल दिले आणि त्यांपैकी बहुतेक कागदावर आजही तसेच आहेत. दावरांचा निकाल कोणी रद्द केला नाही, खाशाबांचे ब्राँझ ब्राँझच राहिले. बदलले ते त्या निकालांचे वजन, आणि ते बदलले अशा माणसांनी ज्यांची नावे रकान्यात येत नाहीत. सहा दिवसांची मजुरी सोडणारे गिरणी कामगार, कऱ्हाडचे वर्गणीदार, घर गहाण टाकणारे प्राचार्य, मुलीला रोज मैदानावर नेणारे आईबाप. आपल्या शाळांत रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहिला जातो. पुढच्या २३ जुलैला तो लिहिताना शिक्षकांनी मुलांना प्रत्येक नावाबरोबर आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. निकाल कोणी दिला, आणि त्यानंतर पदरमोड कोणी केली. एवढे कळले तरी इतिहासात आपलीही जागा आहे हे मुलांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.